पाच डॉलर ते पाच हजार डॉलर : रॉक मैफलीच्या तिकिटाचा प्रवास

रॉक हे मुळात तरुणांचे संगीत. शाळा-कॉलेजातील मुले, कारखान्यात नुकतीच लागलेली पोरे आणि फुटकळ कामे करून शिकणारे विद्यार्थी यांच्या बळावर हे संगीत वाढले. मैफलीला जाण्यासाठी आठवड्याचा पगार खर्ची घालण्याची वेळ त्यांच्यावर येत नसे. गेल्या तीन दशकांत हे चित्र पार पालटले. अमेरिका आणि ब्रिटनमधील मोठ्या रॉक मैफलींचे दर महागाईला कितीतरी मागे टाकून पुढे गेले. ज्या संगीताने सामान्य माणसाच्या व्यथा मांडल्या, तेच संगीत प्रत्यक्ष ऐकणे सामान्य माणसाला परवडेनासे झाले आहे. या दरवाढीमागे कलावंत, आयोजक, तिकीटविक्री कंपन्या, काळाबाजारवाले आणि खुद्द रसिक असे अनेक घटक आहेत. भारतीय रसिकांनाही या दरवाढीची धग पुरेपूर जाणवली आहे.

स्वस्ताईचा काळ

१५ ऑगस्ट १९६५ रोजी 'बीटल्स'ने न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये मैफल केली, तेव्हा सुमारे ५५ हजार ६०० श्रोते हजर होते. तिकिटांचे दर साडेचार ते पावणेसहा डॉलरच्या दरम्यान होते आणि एकूण उत्पन्न झाले सुमारे तीन लाख चार हजार डॉलर. त्या काळी हा विक्रम मानला गेला. अमेरिकेतील ग्राहक किंमत निर्देशांकाचा आधार घेतला, तर १९६५ मधील पाच डॉलर म्हणजे २०२४ मधील साधारण पन्नास डॉलर. जगातील सर्वाधिक लोकप्रिय बँड आजच्या हिशेबाने पन्नास डॉलरमध्ये पाहता येत होता, असा याचा अर्थ.

ऑगस्ट १९६९ मधील 'वुडस्टॉक' महोत्सवाचे तीन दिवसांचे आगाऊ तिकीट अठरा डॉलर होते. प्रत्यक्षात गर्दी एवढी लोटली, की तिकिटे तपासण्याची व्यवस्थाच कोलमडली आणि महोत्सव सर्वांना विनामूल्य खुला झाला.

दर कमी असण्याचे कारण केवळ कलावंतांचे औदार्य नव्हते. त्या काळात बड्या कलावंताच्या कमाईचा मोठा भाग ध्वनिमुद्रिकांच्या विक्रीतून येई. दौरा ही नव्या अल्बमची जाहिरात असे. तिकीट स्वस्त ठेवले की सभागृह भरे, वृत्तपत्रांत छायाचित्रे छापून येत आणि दुसऱ्या दिवशी रेकॉर्डच्या दुकानात रांग लागे. मैफलीत थोडी तूट आली, तरी ती ध्वनिमुद्रिकांच्या विक्रीतून भरून निघत असे.

पुढे कलावंतांचे व्यवस्थापक चतुर झाले. 'लेड झेपेलिन'चे व्यवस्थापक पीटर ग्रँट यांनी १९७० च्या दशकात मैफलीच्या उत्पन्नातील नव्वद टक्के वाटा बँडसाठी मागण्याचा पायंडा पाडला. आयोजकाच्या हाती उरलेला वाटा आक्रसला आणि पार्किंग, खाद्यपदार्थ, सेवाशुल्क अशा इतर मार्गांनी उत्पन्न मिळविण्याकडे आयोजक व सभागृहचालक वळले. आजच्या अनेक छुप्या आकारांचे मूळ तेथे आहे.

शंभर डॉलरची वेस

'ईगल्स' हा बँड १९८० मध्ये फुटला आणि चौदा वर्षांनी, १९९४ मध्ये पुन्हा एकत्र आला. या पुनर्मीलनाच्या दौऱ्यातील चांगल्या आसनांचे दर शंभर डॉलरच्या पुढे गेले. रॉक संगीताच्या जगात ती वेस प्रथमच ओलांडली गेली होती. टीका झाली, पण तिकिटेही संपली. पंचवीस वर्षांपूर्वी विशीत असलेला श्रोता आता चाळिशीत पोहोचला आहे, त्याच्या हाती पैसा आहे आणि तारुण्याच्या आठवणींसाठी तो खर्च करायला तयार आहे, हे या दौऱ्याने संपूर्ण व्यवसायाला दाखवून दिले.

त्यानंतरची वाढ आकड्यांतच पाहिलेली बरी. मैफल व्यवसायाची नोंद ठेवणाऱ्या 'पोलस्टार' या नियतकालिकानुसार १९९६ मध्ये पहिल्या शंभर दौऱ्यांच्या तिकिटाची सरासरी किंमत सुमारे २६ डॉलर होती. २०२४ मध्ये ती सुमारे १३६ डॉलरवर गेली. या काळात अमेरिकेतील सर्वसाधारण महागाई जेमतेम दुप्पट झाली. तिकीट मात्र पाचपट महागले. प्रिन्स्टन विद्यापीठाचे अर्थशास्त्रज्ञ अ‍ॅलन क्रूगर यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, १९९६ ते २००३ या सात वर्षांतच मैफलीचे सरासरी तिकीट ८२ टक्क्यांनी वाढले होते, तर ग्राहक किमती वाढल्या होत्या १७ टक्क्यांनी.

दर का वाढले?

या वाढीची कारणे अर्थतज्ज्ञांनी वेगवेगळी सांगितली आहेत. पहिले कारण विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन यांनी १९६० च्या दशकात मांडले. कारखान्यात यंत्रामुळे एका कामगाराचे उत्पादन वाढते. परंतु चौघा वादकांनी वाजवायची रचना आजही तेवढेच वादक आणि तेवढाच वेळ मागते. इतर क्षेत्रांतील वेतन वाढले, की कलाक्षेत्रातही मोबदला वाढवावा लागतो आणि तो बोजा तिकिटावर पडतो. रॉकच्या बाबतीत ध्वनिवर्धक आणि अजस्र पडदे यांमुळे एकाच मैफलीला पन्नास हजार श्रोते बसवता येतात. त्यामुळे हे कारण काही अंशीच लागू पडते.

दुसरे कारण भव्यतेचे. 'यू टू' या आयरिश बँडने २००९ ते २०११ या काळात केलेल्या दौऱ्यासाठी खेकड्याच्या नांगीसारखा प्रचंड रंगमंच उभारला होता. एका शहरात मैफल सुरू असताना पुढच्या शहरात उभारणी सुरू करता यावी, म्हणून त्याचे तीन सांगाडे बनविण्यात आले. असे रंगमंच, मालमोटारींचे ताफे, शेकडो तंत्रज्ञ, विमा आणि सुरक्षा यांचा खर्च शेवटी रसिकाच्याच खिशातून वसूल होतो.

तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे कारण म्हणजे इंटरनेट. १९९९ मध्ये 'नॅपस्टर' आले आणि गाणी फुकट मिळू लागली. अमेरिकेतील ध्वनिमुद्रित संगीताची उलाढाल १९९९ मध्ये १४०० कोटी डॉलरहून अधिक होती. पुढील पंधरा वर्षांत ती निम्म्याहून खाली आली. दौरा ही अल्बमची जाहिरात राहिली नाही; उलट अल्बमच दौऱ्याची जाहिरात बनला. गायक डेव्हिड बोवी यांनी २००२ मध्येच एका मुलाखतीत हे भाकीत केले होते. संगीत नळाच्या पाण्यासारखे आणि विजेसारखे सहज उपलब्ध होईल आणि कलावंतांना सतत दौरे करूनच जगावे लागेल, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. क्रूगर यांनी आपल्या सिद्धान्ताला बोवी यांचेच नाव दिले.

चौथे कारण मूठभर महातारकांचे वाढते वर्चस्व. क्रूगर यांच्या मांडणीनुसार, मैफलींच्या एकूण उत्पन्नात आघाडीच्या एक टक्का कलावंतांचा वाटा १९८२ मध्ये २६ टक्के होता. २०१७ मध्ये तो ६० टक्क्यांवर गेला. सगळे जग त्याच चार नावांच्या मागे धावू लागल्यावर त्या चार नावांचे तिकीट महागणे अटळ ठरते.

सेवाशुल्काचे अर्थकारण

तिकिटावर छापलेली किंमत आणि ग्राहकाने भरलेली रक्कम यांतील तफावत हा रसिकांच्या संतापाचा कायमचा विषय आहे. १९७६ मध्ये अमेरिकेच्या अ‍ॅरिझोना राज्यात सुरू झालेल्या 'टिकेटमास्टर'ने १९८० च्या दशकात एक वेगळी पद्धत रूढ केली. सभागृहाला आगाऊ पैसे द्यायचे, त्या बदल्यात तिकीटविक्रीचे सर्वाधिकार मिळवायचे, रसिकांकडून सेवाशुल्क घ्यायचे आणि त्यातील हिस्सा सभागृहाला द्यायचा, अशी ही पद्धत. एरवी स्पर्धेमुळे किमती उतरतात. येथे मात्र सभागृहाला अधिक हिस्सा देणाऱ्या कंपनीला करार मिळत असल्याने शुल्क वाढण्यास उत्तेजनच मिळाले. ग्राहकाला दुसऱ्या खिडकीवर जाण्याची मुभा नव्हती. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०१८ मध्ये दिलेल्या अहवालात, मूळ विक्रीतील शुल्क तिकिटाच्या किमतीच्या सरासरी २७ टक्के आणि फेरविक्रीतील ३१ टक्के असल्याचे नमूद केले होते.

या व्यवस्थेविरुद्ध पहिला मोठा आवाज उठविला तो सिएटलच्या 'पर्ल जॅम'ने. तिकीट वीस डॉलरच्या आत राहावे आणि सेवाशुल्क दहा टक्क्यांपुरते मर्यादित असावे, हा त्यांचा आग्रह होता. १९९४ मध्ये त्यांनी न्याय खात्याकडे तक्रार केली आणि बँडचे दोन सदस्य, स्टोन गोसार्ड आणि जेफ अ‍ॅमेंट, संसदीय समितीसमोर साक्षीला उभे राहिले. टिकेटमास्टरला वगळून दौरा करण्याचा प्रयत्न बँडने केला; पण बहुतेक मोठी सभागृहे त्या कंपनीशी करारबद्ध असल्याने आडवळणाची मैदाने शोधावी लागली. १९९५ मध्ये न्याय खात्याने कारवाई न करता चौकशी बंद केली आणि १९९८ पर्यंत बँडलाही नमते घ्यावे लागले.

२०१० मध्ये टिकेटमास्टर आणि मैफलींचे सर्वांत मोठे आयोजक 'लाइव्ह नेशन' यांच्या विलीनीकरणाला काही अटींवर मंजुरी मिळाली. कलावंतांचे व्यवस्थापन, दौऱ्याचे आयोजन, सभागृहांची मालकी आणि तिकीटविक्री हे सारे एका छत्राखाली आले. २०२४ मध्ये या कंपनीच्या मैफलींना सुमारे १५ कोटी श्रोते आले आणि तिचे उत्पन्न २३०० कोटी डॉलरच्या घरात होते. मे २०२४ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने अनेक राज्यांसह या कंपनीविरुद्ध मक्तेदारीचा खटला दाखल केला. मोठ्या मैफली होणाऱ्या सभागृहांतील मूळ तिकीटविक्रीचा किमान ८० टक्के भाग टिकेटमास्टरच्या हाती असल्याचा आरोप त्यात होता. कंपनीने तो फेटाळला. वाढता निर्मितीखर्च, कलावंतांची लोकप्रियता आणि फेरविक्री यांमुळे दर वाढतात, असे तिचे म्हणणे होते. छुप्या आकारांबाबत मात्र एक सुधारणा झाली. मे २०२५ पासून अमेरिकेत तिकिटाची जाहिरात करताना अनिवार्य शुल्कासह संपूर्ण किंमत दाखविणे बंधनकारक झाले.

मागणी तसा दर

विमानाचे तिकीट मागणीनुसार महागते, हे सर्वांना परिचित आहे. तीच पद्धत मैफलींना लागू झाली आणि वादाला तोंड फुटले. जुलै २०२२ मध्ये ब्रूस स्प्रिंगस्टीन यांच्या अमेरिकी दौऱ्याची विक्री सुरू झाली, तेव्हा काही आसनांचे दर पाच हजार डॉलरपर्यंत चढले. कारखान्यातील कामगार, बेकार तरुण आणि उतरती कळा लागलेली गावे हे ज्यांच्या गाण्यांचे विषय, त्यांच्याच मैफलीत कामगाराला प्रवेश नाही, ही बोच चाहत्यांना लागली. ८८.२ टक्के तिकिटे ५९.५० ते ३९९ डॉलर या ठरलेल्या दरांतच विकली गेली आणि हजार डॉलरहून महाग तिकिटे केवळ १.३ टक्के होती, असा खुलासा टिकेटमास्टरने केला. आपण वर्षानुवर्षे समकालीनांपेक्षा कमी दर ठेवले. तरीही वाढीव पैसा मधले दलाल खात होते, मग तो रंगमंचावर घाम गाळणाऱ्यांना का मिळू नये, असा युक्तिवाद स्प्रिंगस्टीन यांनी पुढे केला. चाहत्यांचे समाधान झाले नाही. १९८० पासून त्यांच्या संगीताला वाहिलेले 'बॅकस्ट्रीट्स' हे चाहत्यांचे नियतकालिक फेब्रुवारी २०२३ मध्ये बंद झाले आणि त्यामागे या दरांबाबतचा भ्रमनिरास होता.

ब्रिटनमध्ये ३१ ऑगस्ट २०२४ रोजी 'ओएसिस'च्या पुनर्मीलन दौऱ्याची विक्री झाली. तासन् तास ऑनलाइन रांगेत थांबलेल्यांचा क्रमांक लागला, तेव्हा उभ्याने पाहण्याचे १४८.५० पौंडांचे तिकीट ३५५.२० पौंडांना झाले होते. ब्रिटनच्या स्पर्धा आयोगाने चौकशी केली. संगणक आपोआप दर चढवत असल्याचा पुरावा तिला मिळाला नाही. स्वस्त तिकिटांचा साठा आधी संपवून त्याच प्रकारची तिकिटे नंतर चढ्या दराने खुली करण्यात आली होती आणि याची पूर्वकल्पना ग्राहकांना नव्हती. सप्टेंबर २०२५ मध्ये, असे टप्प्याटप्प्याचे दर ठेवायचे असल्यास २४ तास आधी जाहीर करण्याची हमी टिकेटमास्टरने दिली.

काळाबाजाराचे नवे रूप

थिएटरबाहेर कुजबुजत तिकिटे विकणारा 'ब्लॅकवाला' मराठी वाचकाला नवा नाही. इंटरनेटने त्याला कार्यालय मिळवून दिले. २००० मध्ये स्थापन झालेली 'स्टबहब' ही फेरविक्रीची कंपनी 'ईबे'ने २००७ मध्ये ३१ कोटी डॉलरला विकत घेतली आणि हा धंदा प्रतिष्ठित झाला. 'बॉट' म्हणजे माणसाच्या वतीने क्षणार्धात शेकडो तिकिटे आरक्षित करणाऱ्या संगणकप्रणाली. त्यांच्यावर अमेरिकेने डिसेंबर २०१६ मध्ये कायद्याने बंदी आणली. पण अंमलबजावणी ढिली राहिली. आयर्लंडने २०२१ मध्ये कायदा करून मोठ्या कार्यक्रमांची तिकिटे मूळ किमतीपेक्षा अधिक दराने विकण्यास मनाई केली. नोव्हेंबर २०२५ मध्ये ब्रिटिश सरकारनेही असाच निर्बंध आणण्याची घोषणा केली.

मुंबईतील चित्र

मुंबईत रॉकचे वेड जुने आहे. धोबीतलाव येथील रंगभवनात १९८६ पासून 'इंडिपेंडन्स रॉक' महोत्सव भरत असे आणि कॉलेजच्या मुलांना परवडेल एवढेच त्याचे तिकीट असे. रुग्णालयांच्या परिसरातील शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे हे खुले नाट्यगृह पुढे मैफलींना बंद झाले. 'रोलिंग स्टोन्स'ने एप्रिल २००३ मध्ये, तर 'आयर्न मेडन'ने फेब्रुवारी २००८ मध्ये मुंबईत हजेरी लावली.

तिकीट आणि कर यांचाही मुंबईत मोठा वाद झाला. १ नोव्हेंबर १९९६ रोजी अंधेरी क्रीडासंकुलात झालेल्या मायकेल जॅक्सन यांच्या कार्यक्रमाला तत्कालीन युती सरकारने करमणूक करमाफी दिली. मुंबई ग्राहक पंचायतीने तिला न्यायालयात आव्हान दिले आणि सुमारे ३ कोटी ३३ लाख रुपयांचा हा प्रश्न जानेवारी २०२१ मध्ये मंत्रिमंडळाने करमाफीचा पुन्हा निर्णय घेईपर्यंत रेंगाळला. १ जुलै २०१७ पासून राज्याचा करमणूक कर वस्तू व सेवा करात विलीन झाला. पाचशे रुपयांहून महाग मैफलीच्या तिकिटावर १८ टक्के कर लागतो.

दरवाढीचे खरे दर्शन घडले ते 'कोल्डप्ले'च्या वेळी. जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये होणाऱ्या मैफलींची विक्री २२ सप्टेंबर २०२४ रोजी सुरू झाली. दर अडीच हजारांपासून ३५ हजार रुपयांपर्यंत होते. तिन्ही मैफलींची मिळून तिकिटे दोन लाखही नव्हती. संकेतस्थळावर मात्र एक कोटी तीस लाखांहून अधिक लोक धडकल्याचे 'बुकमायशो'ने सांगितले. काही तासांतच फेरविक्रीच्या संकेतस्थळांवर हीच तिकिटे लाखो रुपयांना झळकू लागली. पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने आणि पाठोपाठ सक्तवसुली संचालनालयाने चौकशी हाती घेतली. तिकिटांच्या काळ्याबाजाराला आळा घालण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे असावीत, या मागणीची जनहित याचिका मात्र मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये फेटाळली. कायदा करणे हे विधिमंडळाचे काम आहे, असे न्यायालयाचे मत पडले. ज्यांना तिकीट मिळाले नाही, अशा असंख्य रसिकांनी २६ जानेवारीची अहमदाबादची मैफल घरी बसून पडद्यावर पाहिली.

दर आवरणारे कलावंत

कलावंताने ठरविले तर दर आवरता येतात, याचीही उदाहरणे आहेत. 'ग्रेटफुल डेड'ने १९८३ पासून स्वतःची टपालाने तिकीटविक्री सुरू करून चाहत्यांशी थेट नाते जोडले. वॉशिंग्टनच्या 'फुगाझी'ने प्रवेशमूल्य पाच डॉलरच्या आसपास ठेवण्याचा नेम वर्षानुवर्षे पाळला. 'द क्युअर'चे रॉबर्ट स्मिथ यांनी २०२३ च्या अमेरिकी दौऱ्यात मागणीनुसार बदलणारे दर नाकारले आणि वीस डॉलरची तिकिटे ठेवली. त्यांवरील शुल्कच तिकिटाहून अधिक होत असल्याचे दिसताच त्यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली आणि टिकेटमास्टरला प्रत्येक तिकिटामागे पाच ते दहा डॉलर परत करावे लागले.

महागड्या तिकिटाचा फटका केवळ ग्राहकाला बसत नाही. वर्षाचे सारे पैसे एका मोठ्या मैफलीवर खर्च करणारा रसिक छोट्या सभागृहात नवख्या बँडला ऐकायला जात नाही. ब्रिटनमधील 'म्युझिक व्हेन्यू ट्रस्ट' या संस्थेच्या माहितीनुसार २०२३ या एका वर्षात तेथे अशी १२५ छोटी ठिकाणे बंद पडली किंवा तेथील मैफली थांबल्या. मोठ्या मैफलीच्या प्रत्येक तिकिटातून थोडी रक्कम या ठिकाणांसाठी राखून ठेवावी, अशी शिफारस ब्रिटिश संसदेच्या समितीने मे २०२४ मध्ये केली आणि कोल्डप्लेने २०२५ मधील ब्रिटनमधील मैफलींच्या उत्पन्नातील दहा टक्के रक्कम त्यासाठी देऊ केली. बीटल्सनेही शे स्टेडियमआधी लिव्हरपूलच्या 'कॅव्हर्न' या तळघरातील क्लबमध्ये शेकडो वेळा वाजविले होते. तेथे येणारी मुले आसपासच्या कार्यालयांत व दुकानांत काम करणारी होती आणि जेवणाच्या सुटीत ती गाणी ऐकायला येत. तो श्रोता मैफलीपासून दुरावला, तर पुढचा बँड कोणासमोर वाजविणार, हा प्रश्न तिकिटाच्या दराइतकाच गंभीर आहे.